हवेचा अहवाल चांगला, हात मात्र सोललेले: कामावरच्या रसायनांचा संपर्क कसा मोजावा, त्वचारोग कसे टाळावेत

गोव्यातल्या औद्योगिक वसाहतीत सुरक्षा अधिकारी किंवा शिफ्ट सुपरवायझर म्हणून नव्याने रुजू झालेल्या माणसाच्या हातात पहिल्याच आठवड्यात एक फाइल येते. तिच्यात हवेच्या तपासणीचे अहवाल असतात आणि बहुतेक आकडे मर्यादेच्या आत असतात. त्याच शेडमध्ये रेझिन लावणाऱ्या मुलाच्या बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या असतात, कोळंबी सोलणाऱ्या बाईच्या नखांच्या कडा सुजलेल्या असतात. फाइल खोटी नसते. त्वचेला लागलेलं रसायन हवेचा नमुना ओढणाऱ्या पंपाला दिसत नाही, एवढंच. म्हणून पुढची सगळी मांडणी हातांपासून सुरू होते. हवा मोजायचीच आहे, पण ती एकटी पुरत नाही.

आधी कामांची यादी, रसायनांची नंतर

नवा माणूस स्टोअरमधून रसायनांची यादी मागवतो आणि तिथेच चुकतो. स्टोअरच्या यादीत ड्रम असतात, माणसं नसतात. एक पूर्ण शिफ्ट वही घेऊन शेडमध्ये उभं राहा आणि काम लिहा. कोण काय करतो, कोणतं द्रव्य किती वापरतो, हात किती वेळ ओला राहतो, शरीराचा कोणता भाग भिजतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटी ते हातावरून कशाने काढतो. हा शेवटचा रकाना बहुतेक तक्त्यांत नसतो, आणि त्वचारोगाचं अर्धं उत्तर तिथेच सापडतं.

शिफ्टची शेवटची तीस मिनिटं चुकवू नका. भांडी, ब्रश, मोल्ड, फिल्टर तेव्हा धुतले जातात. झाकणं उघडी असतात आणि हातमोजे काढून ठेवलेले असतात. सफाई करणारे, देखभालीचे फिटर, कपडे धुणारे आणि ठेकेदाराची माणसं यांची नावं यादीत आली पाहिजेत. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं थिनर दिसलं तर त्याच दिवशी ती बाटली बाहेर काढा. तहानेला कोणी ती तोंडाला लावेल, ही भीती अजिबात काल्पनिक नाही.

यादी झाली की प्रत्येक द्रव्याचा सुरक्षा माहिती तक्ता मागवा. त्याचे सोळा भाग असतात. तिसऱ्या भागात घटक, आठव्यात हवेतल्या मर्यादा आणि हातमोज्याचा प्रकार, दहाव्यात कशाबरोबर मिसळू नये ते आणि अकराव्यात शरीरावरचे परिणाम. घाई असेल तर आधी धोक्याचे संकेत बघा. एच३१४ म्हणजे त्वचा जाळणारं, एच३१५ म्हणजे त्वचेला चुरचुरवणारं, एच३१७ म्हणजे त्वचेची ॲलर्जी निर्माण करू शकणारं, आणि एच३१०, ३११, ३१२ म्हणजे त्वचेतून आत जाऊन विषारी ठरणारं, त्यातलं ३१० सर्वात घातक. या संकेतांपैकी एच३१७ ला लाल पेनाने खूण करा. जळलेली त्वचा बरी होते. ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते आणि मग आधी काहीच न करणारी थोडीशी मात्रासुद्धा हात उठवते.

गोव्यात कुठे काय बघायचं

काजूपासून सुरुवात करू, कारण इथे त्याची सवय इतकी जुनी आहे की काळे पडलेले हात कामाचाच भाग मानले जातात. काजूबीच्या टरफलात जे तेल असतं त्यात अ‍ॅनाकार्डिक आम्ल, कार्डोल आणि कार्डानॉल असतात. बिबा आणि आंबा याच कुळातले. बिब्ब्याने अंग उठलेल्या माणसाला काजूच्या तेलाचाही त्रास होऊ शकतो, म्हणून कामावर घेताना हा प्रश्न विचारावाच. बी ड्रममध्ये भाजली की बरंच तेल जळून जातं. वाफवलेल्या बीच्या टरफलात ते तसंच राहतं, त्यामुळे वाफवलेली बी कटरवर फोडणाऱ्याच्या हाताला ते जास्त लागतं. भाजण्याच्या धुरातूनही तेलाचे कण चेहऱ्यावर बसतात. पापण्या सुजल्या आणि हात स्वच्छ असले तर संशय धुरावर घ्या. हाताला राख फासण्याची जुनी पद्धत बंद करा. राख अल्कधर्मी असते आणि ओल्या हातावर तीच त्वचा खाते. तेल लागलं तर आधी खोबरेल किंवा दुसऱ्या खाद्यतेलाने कापडावर पुसून काढा आणि मग साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने ते पसरतं.

फायबरग्लासच्या होड्या बांधणाऱ्या शेडमध्ये तीन गोष्टी एकत्र येतात. पॉलिस्टर रेझिनमधला स्टायरीन, हात धुवायला वापरलेला ॲसिटोन आणि काचेचे तंतू. ॲसिटोनने हात चटकन स्वच्छ होतात म्हणून तो लोकप्रिय आहे, पण तो त्वचेतलं स्निग्ध द्रव्य ओढून काढतो आणि हातावर उरलेल्या रेझिनला आत शिरायला वाट करून देतो. काचेचे तंतू टोचतात आणि खाज देतात. ते चोळून काढायचे नाहीत, आधी वाहत्या पाण्याखाली सोडायचे. जिथे इपॉक्सी रेझिन वापरतात तिथे लक्ष दुप्पट लागतं. कच्चं रेझिन आणि त्याचा अमाईन हार्डनर दोन्ही ॲलर्जी निर्माण करणारे आहेत. वरून कडक झालेलं इपॉक्सी पूर्ण पक्कं व्हायला साधारण सात दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी पॉलिश पेपर मारला की न पिकलेला अंश धुळीबरोबर गळ्यावर आणि मनगटावर बसतो. जाता जाता एक सूचना, जी त्वचेपलीकडची आहे: कोबाल्टचा ॲक्सिलरेटर आणि पेरॉक्साइडचा कॅटॅलिस्ट थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, स्फोट होतो.

मासळी प्रक्रियेच्या कारखान्यांत रसायन कमी आणि पाणी जास्त. बर्फाचं पाणी, मासळीचा रस, काट्यांचे ओरखडे आणि वर क्लोरीनचं पाणी. हात बुडवण्याचं द्रावण अंदाजाने केलं जातं, आणि 'जास्त घातलं तर जास्त स्वच्छ' अशी समजूत असते. मोजून करा. २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) उपलब्ध क्लोरीन हवा असेल, टाकी ५० लिटरची असेल आणि हायपोक्लोराइटमध्ये ५ टक्के उपलब्ध क्लोरीन असेल, तर २० मिलिलिटर पुरतं. एक लहान मापी पेला टाकीशेजारी बांधून ठेवा आणि क्लोरीनच्या पट्टीने तपासा. कॅनवरचा टक्का बदलला की हिशेब बदलतो, हे माप लिहिणाऱ्याला सांगून ठेवा.

हॉटेलांत धुलाईघर, भांडी घासण्याची जागा आणि हाउसकीपिंग बघा. तिथे मोठा गुन्हेगार बहुतेक वेळा ओलं काम असतं, म्हणजे शिफ्टमध्ये दोन तासांहून जास्त हात ओले, किंवा तितका वेळ बंद हातमोज्यात, किंवा वीसहून अधिक वेळा हात धुणं. टाइल्सचं आम्लयुक्त क्लीनर आणि ब्लीच एकाच बादलीत गेले तर क्लोरीन वायू निघतो. दोन बाटल्या वेगळ्या रंगांच्या आणि वेगळ्या कपाटांत ठेवा.

बांधकामावर ओल्या सिमेंटचा पीएच १२ ते १३ असतो, म्हणजे ते तीव्र अल्कधर्मी असतं. बुटात शिरलेलं काँक्रीट सुरुवातीला दुखत नाही आणि तासाभराने गुडघ्याखाली खोल भाजलेलं निघतं. सिमेंटमधलं षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं त्वचेची ॲलर्जी देणारं रूप, ही दुसरी, हळू चालणारी व्याधी. युरोपात २००५ पासून त्याची मर्यादा २ पीपीएम आहे आणि त्यासाठी सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळतात. गवंड्याच्या हातांना वर्षानुवर्षं न जाणारा इसब असेल तर क्रोमियमचा विचार पहिला.

हवा मोजताना

पंप भिंतीला नाही, माणसाला लावायचा. नळी कॉलरजवळ, नाकापासून साधारण ३० सेंटिमीटरच्या आत. स्टायरीन, टोल्युइन यांसारख्या वाफांसाठी कोळशाची नळी (वाफ धरणारा कोळसा भरलेली बंद काचेची नळी) आणि कमी प्रवाह घ्या. मिनिटाला ५० मिलिलिटरने दोन तास चालवलं तर ६ लिटर हवा जाते. पंपाचा प्रवाह नमुन्याआधी आणि नंतर, नळी जोडलेली असतानाच तपासा. दोन आकड्यांत ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर तो नमुना बाद. दर दहा नमुन्यांमागे एक, आणि एकूण किमान दोन कोऱ्या नळ्या सोबत ठेवा. त्या फोडायच्या, लगेच टोपणं लावायची आणि बाकीच्या नळ्यांबरोबरच पाठवायच्या.

गोव्यात एक अडचण हमखास येते. दमट हवेत कोळसा पाणीही धरतो आणि त्याची वाफ धरण्याची ताकद घटते. मग वाफ नळीच्या पुढच्या भागातून मागच्या भागात सरकते. प्रयोगशाळेच्या अहवालात मागच्या भागातलं प्रमाण पुढच्याच्या १० टक्क्यांहून जास्त दिसलं तर खरा आकडा छापलेल्या आकड्यापेक्षा मोठा असू शकतो. पुन्हा मोजा, या वेळी कमी हवा घेऊन. अहवालात हा रकाना नसेल तर मागून घ्या.

कधी मोजायचं हेही तितकंच महत्त्वाचं. मार्चमध्ये शटर उघडी असतात, वारा खेळता असतो आणि आकडे छान येतात. जुलैत पाऊस आत येतो म्हणून तीच शटर बंद होतात आणि कामाचा जोर तसाच राहतो. एक फेरी पावसाळ्यात घेतलीच पाहिजे. आपल्याकडे ही फेरी सर्रास वगळली जाते, आणि म्हणून फाइलमधल्या कोरड्या ऋतूच्या आकड्यांवर आमचा भरवसा कमी आहे.

आता आकड्यांचा हिशेब. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांची सरासरी मर्यादा स्टायरीनला ५० पीपीएम, टोल्युइनला १००, अमोनियाला २५ आणि ॲसिटोनला ७५० पीपीएम होती. २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा २०२० च्या संहितेने घेतली, तरी हिशेबासाठी हेच आकडे धरू. पंधरा मिनिटांची मर्यादा वेगळी असते. स्टायरीनला ती १००, अमोनियाला ३५ होती. समजा लॅमिनेशन करणारा, म्हणजे रेझिन आणि काचेचे थर चढवणारा, तीन तास ८० पीपीएममध्ये, दोन तास ४० मध्ये आणि तीन तास ५ मध्ये काम करतो. प्रत्येक आकडा त्याच्या तासांनी गुणा, बेरीज करा, आठने भागा: २४० अधिक ८० अधिक १५, म्हणजे ३३५, भागिले ८, जवळजवळ ४२ पीपीएम. कागदावर तो मर्यादेच्या आत आहे. पण मर्यादेच्या निम्म्याच्या, म्हणजे २५ च्या वर गेल्यावर हात बांधून बसायचं नाही, हा साधा नेम ठेवा. जर्मनीत स्टायरीनची मर्यादा २० पीपीएम आहे हेही व्यवस्थापनाच्या कानावर घाला.

शिफ्ट बारा तासांची असेल तर आठ तासांची मर्यादा जशीच्या तशी लावू नका. रसायन शरीरात जायला मिळणारा वेळ जास्त आणि ते बाहेर टाकायला उरलेला वेळ कमी. ब्रीफ आणि स्काला यांची पद्धत सोपी आहे: आठ भागिले शिफ्टचे तास, गुणिले चोवीसातून शिफ्ट वजा करून उरलेले तास भागिले सोळा. बारा तासांसाठी उत्तर ०.५ येतं. म्हणजे ५० ची मर्यादा २५ झाली, आणि वरच्या उदाहरणातला माणूस त्याच हवेत बारा तास थांबला तर तो मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

किती नमुने? सारखं काम करणाऱ्यांचा एक गट धरा. युरोपीय मानक ईएन ६८९ ची प्राथमिक कसोटी नवख्याला सोयीची आहे. तीन नमुने तिन्ही मर्यादेच्या १० टक्क्यांखाली, किंवा चार नमुने १५ टक्क्यांखाली, किंवा पाच नमुने २० टक्क्यांखाली असतील तर तो गट सुरक्षित मानता येतो. एक जरी मर्यादेच्या वर गेला तर आधी दुरुस्ती, मग पुन्हा मोजणी. मधे पडले तर आणखी नमुने लागतात. एका माणसाचा एकच नमुना घेऊन अख्ख्या शेडला पास करणारा अहवाल स्वीकारू नका.

त्वचेवर काय बसतं ते मोजणं

इथे आकड्यांची ठरलेली मर्यादा क्वचितच असते. तुलना करायची असते. सर्वांत स्वस्त साधन म्हणजे चमकणारी पूड आणि अतिनील दिवा. चिमूटभर पूड हॅंडक्रीममध्ये मिसळून ते द्रव्याऐवजी वापरायला द्या, काम करू द्या, मग दिवे मालवून बघा. नळाची तोटी, मोबाइल, जेवणाच्या डब्याचं झाकण, हातमोज्याची आतली बाजू, सगळं चमकायला लागतं. कामगाराला हे एकदा दिसलं की सूचना फलकाची गरज कमी होते.

नेमकं प्रमाण हवं असेल तर १० बाय १० सेंटिमीटरची चौकट ठेवून, प्रयोगशाळेने दिलेल्या कापडाने त्या १०० चौरस सेंटिमीटरमधून पुसून नमुना घ्या. जागा चार: कामाचं टेबल, तोटी, दाराची मूठ, कॅन्टीनचं टेबल. हातमोज्यातून काय झिरपतं ते कळायला आत पातळ सुती मोजा घालायचा आणि शिफ्टनंतर तोच पाठवायचा.

लघवीची तपासणी सगळ्या वाटांनी आत गेलेलं एकत्र दाखवते. टोल्युइनसाठी ऑर्थोक्रेसॉल, स्टायरीनसाठी मँडेलिक आणि फिनाइलग्लायॉक्सिलिक आम्ल, मिथेनॉलसाठी लघवीतला मिथेनॉलच. हवेचा आकडा कमी आणि लघवीचा जास्त आला तर रसायन त्वचेतून जातंय असा संशय घ्या आणि हातमोज्यांकडे वळा, पण तोंडावाटे जाण्यासारखी दुसरी वाटही तपासा. नमुना शिफ्ट संपल्यावर, कामाचे कपडे उतरवून आणि हात धुऊनच घ्यायचा. हाताचं द्रव्य बाटलीत पडलं तर आकडा फसवा. क्रिएटिनिन लिटरला ०.३ ते ३ ग्रॅमच्या मधे नसेल तर लघवी फार पातळ किंवा फार दाट, नमुना पुन्हा घ्या. आदल्या रात्री दारू घेतली होती का हे डॉक्टरने विचारावं, कारण मद्य या द्रव्यांचं शरीरातलं विघटन मंदावतं. कामगाराची संमती आधी घ्या. निकाल त्याला स्वतःला सांगा. व्यवस्थापनाला गटाचे आकडे पुरतात.

हात बघण्याचा रिवाज

कामावर घेताना, मग सहा आठवड्यांनी, आणि त्यानंतर दर तीन ते सहा महिन्यांनी. सुपरवायझरने निदान करायचं नाही, फक्त बघायचं आणि पाठवायचं. उजेड चांगला हवा आणि एका माणसाला दोन मिनिटं द्यायला हवीत. बायकांचे हात बाईनेच, आडोशाला बघावेत.

बोटांच्या बेचक्या, अंगठीखाली, नखांच्या कडा, हाताची पाठ, मनगट, कोपराची घडी, गळा, पापण्या हा क्रम ठेवा. पुस्तकांतल्या चित्रांत लाली दिसते, पण सावळ्या त्वचेवर लाली शोधत बसलात तर चुकाल. इथे ती काळपट डाग, जाडसर रखरखीत पट्टे, बारीक भेगा आणि पांढुरका कोंडा म्हणून दिसते. म्हणून डोळ्यांबरोबर बोटही फिरवा.

रचना बरंच सांगते. मनगटावर सरळ रेषेत इसब थांबत असेल तर हातमोज्याच्या रबरातल्या द्रव्यांवर संशय घ्या. बेचक्यांत आणि अंगठीखाली सुरू झालं तर साबण-पाणी. फक्त पापण्या आणि गळा असेल तर धूर, वाफ किंवा धूळ. मासळीला हात लावल्यावर काही मिनिटांतच गांध्या उठत असतील तर तो वेगळा, लगेच उमटणारा प्रकार आहे. उलट खरी संपर्काची ॲलर्जी एक ते तीन दिवसांनी उमटते, त्यामुळे कामगार भलत्याच वस्तूला दोष देतो. रस्त्याकडेची साफसफाई किंवा बागकाम करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर-मानेवर उठलं असेल तर गाजर गवताचाही विचार करा.

प्रश्न दोनच विचारले तरी चालतील. सुट्टीत बरं वाटतं का? आणि परत आल्यावर किती दिवसांत उठतं? चवथीला चार-पाच दिवस घरी राहिलेल्या माणसाला याचं उत्तर अचूक आठवतं. म्हणून चवथीनंतरच्या आठवड्यात एक फेरी ठेवावी असं आमचं मत आहे. सुट्टीत कमी झालं असेल तर कामाशी संबंध असण्याची शक्यता मोठी. मात्र जुना झालेला इसब आठवड्याच्या सुट्टीत हलत नाही, म्हणून 'बरं वाटलं नाही' या उत्तरावरून कामाला निर्दोष ठरवू नका.

थांबवायचं कसं

पहिला प्रयत्न हात द्रव्यापासून दूर नेण्याचा. ॲसिटोनऐवजी हात धुण्यासाठी बनवलेलं सौम्य क्लीनर, ओतण्याऐवजी पंप, चिंधीऐवजी लांब दांड्याचा ब्रश, धुलाईघरात आपोआप मोजून सोडणारं यंत्र. स्टायरीनची वाफ हवेपेक्षा जड असते, तेव्हा छताचा पंखा पुरत नाही. ओढणारं तोंड मोल्डच्या कडेला, खाली हवं, आणि कामगार वाफ व तोंडाच्या मधे उभा राहता कामा नये.

त्यानंतर हातमोजे. 'निळे नायट्राइल सगळ्याला चालतात' ही सर्वात महाग पडणारी समजूत आहे. पातळ नायट्राइलमधून ॲसिटोन काही मिनिटांत आरपार जातो, मोजा फाटलेला नसताना. ॲसिटोनला ब्युटाइल रबर चांगलं. स्टायरीनला थरांच्या फिल्मचे किंवा पीव्हीएचे (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे) मोजे, पण पीव्हीए पाण्यात विरघळतो, तेव्हा ओल्या जागी तो नको. काजूच्या तेलाला नायट्राइल ठीक. नैसर्गिक रबर तेलाने फुगतं. खोकं घेताना आयएसओ ३७४ चा शिक्का बघा. ए प्रकार म्हणजे ठरलेल्या सहा रसायनांना किमान ३० मिनिटं टिकतो, बी तीन रसायनांना तितकाच, सी एकाच रसायनाला १० मिनिटं. खाली छापलेली अक्षरं ती रसायनं सांगतात, उदाहरणार्थ बी अक्षर म्हणजे ॲसिटोन, एफ म्हणजे टोल्युइन, के म्हणजे ४० टक्के कॉस्टिक. ही चाचणी २३ अंशांना होते. हातातल्या मोज्याचं तापमान ३३-३५ अंश असतं, म्हणून छापलेली मिनिटं प्रत्यक्षात कमी भरतात. उडालेल्या थेंबासाठी घातलेला पातळ मोजा थेंब पडताच बदलायचा, धुऊन परत वापरायचा नाही.

दमट हवेत मोज्यात घाम साचतो आणि घामच त्वचा फुगवतो. आत सुती अस्तर द्या, ते भिजलं की बदला, आणि एकाच माणसाने सलग दोन तासांहून जास्त मोजा घालून राहू नये अशी पाळी लावा. मोजा काढताना बाहेरची बाजू उघड्या बोटांना लागता कामा नये. हे एकदा रंग लावलेल्या मोज्याने करून दाखवा. मनगटावर सरळ रेषा दिसलेल्या कामगाराला रबर पक्कं करणारी द्रव्यं (त्यांनाही ॲक्सिलरेटर म्हणतात) नसलेले नायट्राइल द्या.

हात धुण्याला कोमट किंवा नळाचं साधं पाणी, सौम्य साबण आणि कोरडं पुसणं, विशेषतः बेचक्या. धुण्याची पूड हाताला लावू नये. मलम धुतल्यावर आणि शिफ्टच्या शेवटी लावायचं, वासाशिवायचं. व्हॅसलीन किंवा खोबरेल चालतं, मात्र लेटेक्सच्या मोज्याखाली नाही, तेलाने रबर कुजतं. कामाआधी लावायचं 'संरक्षक क्रीम' मोज्याला पर्याय नाही, तसं सांगून ते विकलं तरी.

आपत्कालीन शॉवर दहा सेकंदांत पोचता येईल इतक्या जवळ हवा आणि सलग पंधरा मिनिटं पाणी पुरलं पाहिजे. छतावरून गेलेल्या पाइपमधलं पाणी एप्रिलच्या दुपारी चटका देतं, आणि भाजलेला माणूस मागे सरतो. पाइप सावलीत घ्या किंवा झाका, दर आठवड्याला सोडून बघा. कोरडं सिमेंट किंवा कॉस्टिकचे दाणे आधी झटकायचे, मग भरपूर पाणी.

हात उठलेले आढळले तर

त्याच दिवशी त्या द्रव्यापासून वेगळं करा, हातांचा फोटो तारखेसह घ्या आणि डॉक्टरकडे पाठवा. सोबत कागद द्या: कामाचं नाव, द्रव्यांची नावं, माहिती तक्त्याचा तिसरा भाग, हातमोज्याचा प्रकार. या कागदाशिवाय त्वचारोगतज्ज्ञाला अंदाजच करावा लागतो. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) त्वचारोग विभाग आहे, विमाधारक कामगारांसाठी मडगावचं ईएसआय रुग्णालय आहे.

औषधांच्या दुकानातून आणलेली स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली ट्यूब थांबवायला सांगा. ती चार दिवस खाज दाबते, मागे गजकर्ण असेल तर ते आतल्या आत पसरतं आणि त्याचा चेहरा इतका बदलतो की डॉक्टरही फसतो.

ॲलर्जीचा संशय असेल तर पॅच टेस्ट. पाठीवर संशयित द्रव्यांच्या चकत्या ४८ तास ठेवतात. त्या काढल्यावर एकदा आणि लावल्यापासून ७२ किंवा ९६ तासांनी पुन्हा बघतात. चकत्या लावायला धरून तीनदा जावं लागतं, तेव्हा त्या दिवसांची रजा आधीच मंजूर करा. चकत्या असताना आंघोळीचं पाणी पाठीवर नको, घाम गाळणारं काम नको. शेडमधलं द्रव्य तसंच्या तसं पाठीवर लावून बघण्याचा प्रयोग कोणीही करू नये. पाठ भाजते, आणि कधीकधी नसलेली ॲलर्जी जडते.

रसायनं आणि रंग यांच्या थेट संपर्काने झालेला त्वचारोग कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवण्याजोग्या आजारांत होता, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीतही ती यादी आहे. कळवायचं कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाला, त्याचं कार्यालय पणजीत आल्तिनोला आहे. नोंद झाली म्हणजे कारखाना बंद पडतो अशी भीती नव्या सुपरवायझरला घातली जाते. प्रत्यक्षात नोंद नसलेला आजार तपासणीत सापडणं कितीतरी वाईट.

रजिस्टर एकच ठेवा. डाव्या पानावर माणूस आणि त्याचं काम, उजव्या पानावर हवा, पुसण्याचे नमुने, लघवीचे गटाचे आकडे आणि हात बघितल्याच्या तारखा. वैद्यकीय तपशील डॉक्टरकडे, कुलपात. दोन पानं शेजारी असली की 'जेलकोटवाले (होडीचा बाहेरचा रेझिनचा थर लावणारे) तिघे, तिघांचेही हात' हे एका नजरेत कळतं. वेगवेगळ्या फायलींत ते वर्षभर कळत नाही.

कामगाराला दुसऱ्या कामावर हलवलं तर त्याची मजुरी आणि ओव्हरटाइम कापू नका. कापला की पुढचा माणूस हात खिशात घालून उभा राहतो, ठेकेदाराचा असेल तर आधी तोच, आणि तुमची तपासणी कोरी भरते. तो परत मूळ कामावर आला की दोन आठवड्यांनी त्याचे हात पुन्हा बघायची तारीख त्याच पानावर आजच लिहून ठेवा.